रकाना नववा, निरंक

तीर्थस्वरूप आत्येस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरं सांगायचं तर नमस्कार बसूनच केला आहे. जेवणाच्या सुट्टीत व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितो आहे. इथे साष्टांग घालायचा तर दोन्ही दारं उघडी टाकावी लागतील आणि पाय रस्त्यावर येतील.) तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? जिन्यातला दिवा दुरुस्त झाला का, की अजून अंदाजानंच चढउतर चालू आहे? रोज सकाळी आठला गाडी काढून बाजारात जाणं मात्र सुरूच आहे, असं तुझ्या शेजारीणबाई भेटल्या तेव्हा कळलं. तू गाडी काढलीस की त्या आपल्या मांजराला आत घेतात, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही सगळे मजेत. हिची पाठ आता दुखत नाही, आणि मुलीला गणितात पास केलं आहे. पास झाली असं मी म्हणणार नाही.

तुला वाटेल, वर्षातून दोनदा फोन करणारा हा माणूस आज एकदम पानंच्या पानं लिहितो आहे, तर काहीतरी हवं असणार. छे! ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्या स्वभावात नाही. आमच्या लाँड्रीत गेल्या दोन महिन्यांत जे घडलं ते, जिनं अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं, त्या जाणत्या बाईच्या कानावर घालावं एवढाच हेतू. येत्या शनिवारी दुपारी बारापर्यंत या व्हॅनची किल्ली माझ्याकडे राहते की जाते ते ठरणार आहे खरं, पण त्याचा या पत्राशी काडीचाही संबंध नाही.

तर झालं असं. आमच्याकडे सहा गाड्या. पहाटे दवाखान्यांच्या चादरी आणायच्या, हॉटेलांचे टॉवेल आणायचे, धुऊन, वाळवून, इस्त्री करून, घड्या घालून परत पोचवायचे. या गाड्यांचा विमा दरवर्षी नवा होतो. यंदा विम्याचा माणूस आला तो काळी बॅग घेऊन आणि चेहरा असा करून, की जणू बॅगेत आमचेच मृत्यूचे दाखले आहेत. म्हणाला, गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाची सरकारदरबारची नोंद मागवा. कोणाचा कधी दंड झाला, कोणी कुठे ठोकलं, कोणाचं लायसन कधी अडकवलं, सगळं. आणि ज्याच्या नावावर दोन नोंदी निघतील त्याला सरळ घरी बसवा. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तो कारभार. आमच्या मालकीणबाईंनी शांतपणे त्याला पाणी दिलं आणि विचारलं, तुमच्या स्वतःच्या नावावर किती आहेत? तो पाणी फार सावकाश प्यायला. (नंतर कळलं, तीन. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं.)

मालकीणबाई तुला आठवतात का? आठवायला हव्यात, पण त्याबद्दल पुढे. नवरा गेल्यावर ही लाँड्री त्यांनी एकटीनं उभी ठेवली. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, पण त्या बोलायला लागल्या की वाळवणीची यंत्रंसुद्धा हळू फिरायला लागतात असा आम्हाला भास होतो. माणसाला न ओरडता ताळ्यावर आणायची विद्या मी आयुष्यात दोनच बायकांकडे पाहिली. एक त्या. दुसरी कोण ते तू ओळख. (तू ओरडायचीसही, पण ते गाडी बंद पडल्यावर, आणि गाडीवर.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना घड्यांच्या लांब टेबलाभोवती जमवलं आणि एकेक फॉर्म दिला. नोंद मागवायला आमची सही हवी, सहीशिवाय कोणाचाही कागद मागवणार नाही, असं आधी सांगितलं. आलेला कागद त्यांच्याच कपाटात कुलपात राहील, तो त्या आणि ज्याचा आहे तो, याशिवाय कोणी वाचणार नाही, हेही सांगितलं. मग पदराखालून एक कागद काढला आणि स्वतःची नोंद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. पाच वर्षांत दोन. एक, दवाखान्याच्या दारात भलत्या ठिकाणी गाडी लावली. दोन, रिव्हर्स घेताना स्वतःच्याच लाँड्रीचं फाटक ठोकलं. आत्या, ते फाटक चार वर्षं तिरकं आहे आणि चार वर्षं आम्ही वाऱ्याला शिव्या देतो आहोत! मालक माणसानं आपला गाढवपणा पहिल्यांदा टेबलावर ठेवला, की मग बाकीच्यांना आपापला काढायला जड जात नाही. निम्म्या लोकांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. मीही केली. आणि त्या फॉर्मचा नववा रकाना, ‘गेल्या पाच वर्षांतील दंड, अपघात व तक्रारी’, त्यापुढे मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘निरंक’. अक्षर इतकं सुरेख आलं की मी ते दोनदा गिरवलं.

मग एकेकाला बोलावणं सुरू झालं, तेही ऑफिसात नाही, चादरींच्या खोलीत. तिथे छतापर्यंत गठ्ठे लावलेले असतात, आतला शब्द बाहेर येत नाही. (तशी गरज नव्हती. जो बाहेर यायचा तो चहाच्या आधी सगळं स्वतःच सांगून मोकळा व्हायचा.) पहिला नंबर इस्त्रीखात्यातल्या मावशींचा. मावशींचं लायसन सहा महिन्यांसाठी अडकवलेलं निघालं, कारण गाडी चालवताना त्या फोनवर बहिणीशी बोलत होत्या, आणि एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा म्हणे विषय एकच होता. मावशींच्या पाचावर धारण बसलेली. विम्याच्या माणसाच्या हिशोबानं त्या त्या दिवशीच घरी जायच्या. मालकीणबाईंनी विचारलं, तुम्ही आमच्याकडे करता काय? मावशी म्हणाल्या, इस्त्री. मग इस्त्रीला रस्ता लागतो का? नाही. मग इस्त्री करा. फक्त आवारात गाडी मागेपुढे करायची किल्ली लायसन परत येईपर्यंत मागायची नाही, आणि इथे कामावर असताना फोन आला तर इस्त्री बंद करूनच उचलायचा. एवढं बोलून चहा. मावशी बाहेर आल्या त्या डोळे पुसत. नोकरी वाचली म्हणून आनंद होताच, पण आवारात सगळ्यांदेखत गाडी वळवून दाखवायची ऐट गेली याचं दुःख जास्त होतं.

दुसरा नंबर आमच्या वादळाचा. (हे त्याचं टोपणनाव. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.) वादळाच्या नावावर वेग जास्त म्हणून सहा दंड! आम्ही त्याला मनातल्या मनात निरोप देऊन मोकळे झालो होतो. त्याच्या डब्यातलं लोणचं आता कोणाला मिळणार नाही इथपर्यंत चर्चा झाली. पण मालकीणबाईंनी किती दंड हे मोजलंच नाही, कधी आणि कुठे हे बघितलं. सहातले चार मंगळवारचे, आणि चारही एकाच रस्त्यावरचे. त्यांनी मंगळवारच्या फेऱ्यांचा तक्ता शेजारी ठेवला. सात चाळीसला मोठ्या दवाखान्यातून निघायचं आणि सात पंचावन्नला नदीपलीकडच्या हॉटेलात पोचायचं. पुलावर नुसतं उभं राहायलाच वीस मिनिटं लागतात, हे आम्ही दोन वर्षं एकमेकांना सांगत होतो, त्यांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आणि तक्ता कोणी केला होता? त्यांनीच, खुर्चीत बसून, नकाशावर पट्टी ठेवून. उंटावरून शेळ्या हाकल्या मी, असं त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या, वादळाची माफी मागितली आणि तक्ता त्याच्यासमोर बदलला. आता सांग, अशी माफी मागणारा मालक तू पाहिला आहेस का? वादळ बाहेर आलं ते छाती फुगवून. म्हणालं, आता सगळे माफ.

पण कसलं काय! उरलेले दोन दंड रविवारचे, स्वतःच्या मोटरसायकलवरचे, जिथे ना तक्ता ना मालक. त्याबद्दल मालकीणबाईंना अजिबात पान्हा फुटला नाही. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर त्या स्वतः वादळाच्या शेजारी बसल्या आणि समोरच्या फळीवर त्यांनी खळ घातलेल्या घडीच्या रुमालांची चळत ठेवली, एकावर एक चाळीस. शिक्षा नाही, दम नाही. चळत पडली की गाडी बाजूला घ्यायची आणि सगळे रुमाल परत घडी करून रचायचे, एवढंच. पहिल्या दिवशी वादळानं साधारण चारशे घड्या घातल्या. हॉटेलातले लोक टॉवेलांची वाट बघत दारात उभे, आणि हा पुलाच्या अलीकडे गाडी लावून रुमाल दुमडतो आहे. दुसऱ्या दिवशी दीडशे. शनिवारी एकही नाही. हल्ली तो वळण इतकं हळुवार घेतो की मागच्या गाठोड्यांना आपण वळलो हे कळतही नाही. आम्ही त्याचं नाव बदलून झुळूक ठेवलं आहे. त्याला ते आवडलेलं नाही, पण बायकोला फार आवडलं.

आता तिसरी गोष्ट काकांची. ही नीट वाच आणि जमलं तर दोनदा वाच. काका आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. तीस वर्षं एकही नोंद नाही, आणि गेल्या एका वर्षात तीन. सगळ्या बारीकसारीक. कुणाचा आरसा उडवला, कुठे खांबाला घासलं, एकदा उभ्या रिक्षाचा दिवा. विम्याच्या माणसानं ‘निष्काळजी’ असा शेरा मारून ठेवलेला. काका आणि निष्काळजी! जो माणूस डब्याचं झाकण लावल्यावर दोनदा तपासतो, त्याला? काका आत गेले ते राजीनामा खिशात घालूनच. एवढ्या वर्षांनी कोणी बोट दाखवायच्या आत आपणच जावं, असं त्यांनी ठरवलं होतं. मालकीणबाईंनी नोंदींचा कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, काका, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आज कोणता वार दाखवलाय? काका म्हणाले, मंगळवार. वार बरोबर होता. फक्त त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, तिथे पंख्याच्या बटणांचा बोर्ड होता.

आत्या, मला हे ऐकून हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. काका वर्षभर रस्ता बघून नाही, पाठांतरावर गाडी चालवत होते. तीस वर्षांची तीच वळणं, तेच खड्डे, तेच सिग्नल. नवीन खांब उभा केला की तेवढा मात्र त्यांच्या पाठांतरात नसायचा. आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं! पण सांगणार कोणाला? सांगितलं की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की आपण म्हातारे झालो. मालकीणबाईंनी राजीनामा वाचलाच नाही, तो घडी घालून काकांच्या खिशात परत ठेवला. पगार तोच, वेळ तीच, पण डोळ्यांचं होईपर्यंत बसायचं शेजारच्या सीटवर आणि नव्या ड्रायव्हरला रस्ते शिकवायचे. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेल्या. मोतीबिंदू निघाला. अर्ध्या तासाचं काम. महिन्याभरानं काका चष्मा लावून परत आले आणि फाटकातच थबकले. म्हणाले, आपल्या लाँड्रीची पाटी हिरवी आहे होय! मग माझ्याकडे बघून म्हणाले, आणि तुझे केस कधी पिकले रे? आता पुन्हा गाडी चालवतात. एकही ओरखडा नाही. हे वाक्य तुझ्या ओळखीचं आहे, मला माहीत आहे.

आणि मग माझा नंबर आला. मी अगदी निवांत आत गेलो, निरंक माणूस जातो तसा. मालकीणबाईंनी माझा फॉर्म एका हाताला ठेवला आणि सरकारी कागद दुसऱ्या हाताला. सरकारी कागदावर माझ्या नावापुढे एक नोंद. सात महिन्यांपूर्वीची. लाल सिग्नल ओलांडून कुंड्यांनी भरलेल्या हातगाडीला धडक, अकरा कुंड्या फुटल्या, इजा कोणाला नाही. खाली हातगाडीवाल्याचा जबाब. तो मालकीणबाईंनी मला वाचायला लावला: ‘चालकाने खिडकीतून हात पूर्ण बाहेर काढून थांबत असल्याची व्यवस्थित खूण केली व न थांबता गाडी माझ्या हातगाडीवर आणली. हातात पांढरा हातमोजा होता.’ हात दाखवून अवलक्षण ही म्हण पोलिसांच्या कागदावर इतकी तंतोतंत उतरलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. मालकीणबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. मी हात टेबलाखाली घेतले. आत्या, मी आयुष्यात हातमोजा फक्त चुलीवरचं गरम भांडं उतरवताना घातला आहे, आणि तोही एकच, आणि फुलाफुलांचा.

या गावात गाडी चालवताना पांढरे हातमोजे घालणारं आणि इंडिकेटर असूनही हात बाहेर काढून खूण करणारं माणूस एकच आहे, हे तुला मी सांगायला नको. मालकीणबाईंनाही सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, गाडीचा नंबर मला ओळखीचा वाटतो, वीस वर्षांपूर्वी याच गाडीत मी चढावर तीनदा गाडी बंद पाडली होती आणि शेजारून मला एक शब्दही वावगा बोलला गेला नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहितो. चूक असलेला माणूस मला चालतो, ती कशी झाली ते बघून मार्ग काढता येतो. पण खोटा कागद असला तर मार्ग काढू कशातून? ही नोंद तुमची असेल, तर फॉर्मवर निरंक का लिहिलंत? मग सहा महिने व्हॅन नाही, घड्यांच्या टेबलावर काम. नोंद तुमची नसेल, तर ज्याची आहे त्यानं मला येऊन सांगावं, मी त्या शब्दावर विश्वास ठेवीन आणि तो शब्द या खोलीबाहेर जाणार नाही. शनिवारी बारापर्यंत विचार करा. नाव मी विचारणार नाही. आणि निघताना त्यांनी तुला नमस्कार सांगितला, कारण काय ते मी विचारलं नाही. तर असा हा कर्मचाऱ्यांच्या नोंदी हाताळण्याचा आदर्श नमुना. तुझ्या माहितीसाठी कळवला. बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. पहिला: वर शनिवारचा या पत्राशी काडीचाही संबंध नाही असं लिहिलं आहे. थोडा आहे. मला व्हॅन आवडते, आत्या. घड्यांच्या टेबलावरचं काम वाईट नाही, पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि मी तुझ्या हाताखाली शिकलेला माणूस आहे. तरीही तू सांगशील तेच मी लिहीन. ‘चालवत मीच होतो’ असं लिही म्हणालीस तर तसं लिहून किल्ली टेबलावर ठेवीन. तुझ्या दारावरची ‘एकेचाळीस वर्षं, एकही ओरखडा नाही’ ही पाटी उतरावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. त्या पाटीखाली उभं राहून मी पहिल्यांदा क्लच सोडला. ती पाटी खरी आहे. ओरखडा बेचाळिसाव्या वर्षी पडला.

ता. क. दुसरा: त्या दिवसाबद्दल आपण दोघांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही, म्हणून हे बोलता आलं नाही, लिहितो आहे. पोलीस आला तेव्हा मी चालवत होतो असं मी पटकन बोलून गेलो, आणि तू हातमोजे काढून मांडीवर ठेवलेस. गाडीत तुला हातमोज्यांशिवाय मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पण माझी खरी चूक त्याच्याही आधीची आहे. गाडी शिकवणीची. दोन्हीकडे ब्रेक. तुझ्या शिकवायच्या जागी मी बसलो होतो आणि माझ्या पायाखाली ब्रेक होता. सिग्नल लाल आहे हे मला दिसत होतं. तुला तो दिसत नाही, खुणेचा हात तू नुसत्या सवयीनं बाहेर काढला आहेस, हेही मला दिसत होतं. हातगाडीवाला हातगाडी सोडून वीतभर बाजूला बुटाची नाडी बांधत वाकलेला होता. आणि तू चालवत असताना आपण ब्रेक दाबायचा, हे माझ्या पायाला धाडसच झालं नाही. मान राखायला गेलो, आणि त्या माणसाचा जीव केवळ त्याच्या नाडीमुळे वाचला. तेव्हा निरंक मीही नाही. मालकीणबाईंना शनिवारी मी माझ्यापुरतं एवढं तरी सांगणारच आहे. तेव्हा दाबला नाही तो ब्रेक आज दाबतो आहे, रागावू नकोस. रागावलीस तरी दाबतो आहे. तू मला फार हवी आहेस.

ता. क. तिसरा: शुक्रवारी सकाळी दहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझं नाव घातलं आहे. काकाही येणार आहेत. हिरव्या पाटीची गोष्ट त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायची आहे, ऐकून घे. तोवर बाजारात मी नेईन. गाडी तुझीच, चालवीन मी, आणि तू बसायचंस तुझ्या हक्काच्या जागेवर, ब्रेकच्या बाजूला. हवा तेव्हा दाब. मला माहीत आहे तू प्रत्येक वळणावर दाबशील, मी वेळ धरूनच निघेन. आणि चष्मा आला की मालकीणबाईंची एक विनंती आहे. आमच्या सहाही ड्रायव्हरांना महिन्यातून एक सकाळ तू शिकवावंस. त्यांच्याकडचे रुमाल संपत आले आहेत.

ता. क. चौथा: हे पोस्टात टाकणार होतो, पण ही म्हणाली, असली पत्रं पोस्टानं पाठवणारा माणूस भित्रा असतो. म्हणून आणून तुझ्या दाराखालून सरकवतो आहे आणि पायरीवर बसून राहतो. वाचता आलं तर दार उघड. वाचता आलं नाही तर हेही वाचता येणार नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, म्हणून दहा मिनिटांनी मी बेल वाजवीन आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवीन. फक्त दुसरा ता. क. सोडून. तो तू स्वतः वाचायचास, चष्मा आल्यावर.